वॉटरपार्कच्या दारात दोन व्याही

माझी शाळा चौथीला सुटली. पण पैसे कुणी भरायचे हे मला कुणी शिकवायला लागत नाही. पाहुणा आपल्या गावात आला की पैसे आपण भरायचे. पाहुण्याने खिशात हात घालायचा, तो त्याने घालावाच, आणि आपण तो हात धरायचा. "ठेवा हो, ठेवा," म्हणायचं. तो म्हणतो, "छे, या खेपेला मी." मग जरा ओढाताण होते. ज्याचा हात खिशात परत जातो तो पाहुणा. माझे वडील असंच करत, मीही असंच करत आलो. आमच्या नंदाखालात मला हरवून पैसे भरणारा माणूस मला भेटला नव्हता.

धाकट्या लेकीचं लग्न ठरायला आलं तेव्हाची गोष्ट. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. लेक वसईला एका ऑफिसात कामाला होती. मुलगा एव्हरशाईन सिटीत राहणारा, कॉम्प्युटरवर काम करणारा. त्याचे वडील मूळचे साताऱ्याकडचे, नोकरीतून नुकतेच रिटायर झालेले. माणसं चांगली. हुंडा नको म्हणाले, मानपान नको म्हणाले. इथवर मला पटलं. मग म्हणाले, लग्न वसईत हॉलमध्ये करू आणि खर्च निम्मा-निम्मा.

ते मला लागलं. माझ्या दोन मोठ्या लेकी अंगणातल्या मांडवातून सासरी गेल्या. वाडीतल्या केळी तोडून मी दाराला बांधल्या, सगळं गाव जेवलं, कुणाचा एक पैसा घेतला नाही. धाकटीला भाड्याच्या हॉलमधून पाठवायची, तीही दुसऱ्याच्या निम्म्या पैशांवर, म्हणजे आता याच्याच्याने होत नाही हे गावाला सांगण्यासारखं. मी नाही म्हणालो नाही, पण हो सुद्धा म्हणालो नाही. बोलणं तिथे अडकलं.

मग मुलानेच काढलं, की सगळे मिळून एक दिवस बाहेर जाऊ, ओळख वाढेल. राजोडीच्या बाजूला तेव्हा नवीन वॉटरपार्क झालं होतं, तिथे जायचं ठरलं. पूर्वी त्या जागेत भाताची खाचरं होती. माझ्या घरून सायकलने वीस मिनिटं. म्हणजे ते आमच्या भागात येणार आणि पैसे मी भरणार, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. आदल्या दिवशी मी बायकोला म्हटलं, "उद्या त्यांची तिकिटं मी काढली की निम्म्या खर्चाची गोष्ट परत काढायला त्यांना तोंड राहणार नाही."

ती म्हणाली, "तिकिटं काढा नायतर अख्खं पार्क विकत घ्या. पन पोरीसमोर आवाज चढवू नका."

केळीचे घड देऊन आलेले पैसे मी बंडीच्या आतल्या खिशात ठेवले. वर केळीच्या खोडाचं वाळलेलं साल, सोपट, गुंडाळलं, जसं आम्ही विड्याच्या पानांच्या जुडीला गुंडाळतो. पुडकं चांगलं जाड झालं होतं.

पार्कच्या दारात तिकिटाच्या दोन खिडक्या होत्या. मी व्याह्यांना डोळ्यांपुढून हलू दिलं नाही. खिडकी जवळ आली तसा त्यांचा हात पँटच्या मागच्या खिशाकडे गेला आणि मी मनगट पकडलं.

"अहो, सोडा."

"सोडणार नाही."

"माणसं बघतायत."

"बघू द्या. गाव आमचं आहे."

रांगेत मागे उभा असलेला कुणी म्हणाला, "काका, आधी कुस्ती उरका, मग तिकीट काढा." लोक हसले. मी मनगट आणखी घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने बंडीतून पुडकं काढायला लागलो.

एवढ्यात मुलगा दुसऱ्या खिडकीवर गेलेला मला दिसला. त्याने एक निळं कार्ड आत सरकवलं. मला वाटलं, ऑफिसचं ओळखपत्र दाखवून सवलत मागतोय. आतल्या माणसाने ते एका यंत्रात घासलं, कागदाची पट्टी बाहेर आली, मुलाने त्यावर सही केली. नोट दिसली नाही, मोजामोज नाही. म्हणून मी निर्धास्त होतो. तो सहा तिकिटं हातात घेऊन आला तेव्हासुद्धा मी त्याच्या बापाचं मनगट धरूनच उभा होतो.

"कुणी भरले?" मी विचारलं.

"मी, काका. झालं सगळं."

"झालं म्हणजे? तू पैसे कुठे दिलेस?"

"कार्डावर दिले ना."

मी पुडकं त्याच्यापुढे धरलं. तो घेईना. खिडकीवर गेलो तर आतला माणूस म्हणाला, "आजोबा, तुमचे भरून झाले. दोनदा कशाला देताय?" मी म्हटलं, मग मी आत येत नाही. आणि रस्त्याकडेला बदामाच्या झाडाखाली कठड्यावर जाऊन बसलो.

लेक जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, तुमचं तिकीट फुकट जाईल."

"जाऊ दे. मी काढलेलं नाही."

"आणि मला काय वाटेल?"

बायकोने तिचा दंड धरला. "चल गं. बसू दे त्यांना. सावली हाय, प्यायला पानी हाय." विहीणबाई, माझ्या घरच्या दोघी आणि मुलगा आत गेले. व्याही मात्र गेले नाहीत. ते येऊन माझ्या शेजारी बसले.

आतून घसरगुंडीवरच्या पोरांचा कालवा ऐकू येत होता. मग ते मनगट चोळत म्हणाले, "हात भलताच कडक आहे तुमचा."

"घड उचलून झालाय."

"खरं सांगू? बरं वाटलं."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"दोन वर्षं झाली, मला कुठे पैसे काढायची पाळीच येत नाही," ते म्हणाले. "हॉटेलात बसलो तर बिल यायच्या आधी पोराचं कार्ड गेलेलं असतं. लाईटबिल तो, दूध तो, माझी औषधंसुद्धा तोच. चांगला आहे हो, तक्रार नाही." त्यांनी पाकीट काढून उघडून दाखवलं. आत दहा-दहाच्या तीन नोटा होत्या.

"मग खिशात हात कशाला घातलात?"

"तुम्ही धरणार हे माहीत होतं."

माणूस पुरा बिलंदर निघाला. पण मला राग आला नाही. मी विचारलं, "मग लग्नाचा निम्मा खर्च कुठून करणार होतात?"

"माझ्या फंडातून. पोरगा म्हणत होता, सगळं लग्न मीच करतो, तुम्ही दोन्ही घरांनी काही काढू नका. निम्मं मुलीकडचे करतील म्हटलं, की उरलेलं निम्मं बापाने करायचं असं मला त्याला सांगता आलं."

"आणि हॉल कुणाला हवाय?"

"त्याला. मला काय करायचाय हॉल."

मी थोडा वेळ रस्त्यावरच्या रिक्षा बघत राहिलो. दोन लेकींच्या लग्नांत कुणाचं मीठही न घेतलेला मी माणूस. तरी म्हटलं, "मांडव माझ्या अंगणात. भांडी माझी, पानं माझ्या वाडीतली. धान्य, तेल, आचारी तुमचा. आचाऱ्याचे पैसे तुमच्या हाताने द्यायचे, पोराच्या नाही."

"सगळं जेवण?"

"सगळं."

त्यांनी विचार केला. "आचारी आमच्याकडचा आणू?"

"आणा. तिखट बेताने घालायला सांगा."

दुपार उलटल्यावर चौघं ओल्या केसांनी बाहेर आली. व्याह्यांनी पोराला ठरलेलं सांगितलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "पण काका, हॉलवाल्याला मी गेल्या आठवड्यात ॲडव्हान्सचा चेक दिलाय."

मी तोंड उघडायच्या आत त्याचा बाप म्हणाला, "कुणाला विचारून?"

"पप्पा, तारखा मिळत नाहीत हो."

"परत मागून आण."

"तो परत देत नाही."

"मग जाऊ दे ते पैसे. लग्न यांच्या अंगणात आहे आणि जेवण मी घालतोय."

मुलाने आईकडे पाहिलं. ती वेणी पिळत होती, तिने मान वर केली नाही. लेक रिक्षा थांबवत होती. ती वळून म्हणाली, "मुहूर्त संध्याकाळचा घ्या. दुपारी अंगणात ऊन येतं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी भटजींकडे गेलो आणि गोरज मुहूर्त काढून घेतला.