अल्लीपूरचा उलटा व्हिडिओ

कोल्हापूरहून गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीत बसले तेव्हा माझी यादी पूर्ण झाली होती. चादर, दशम्या, पाण्याच्या बाटल्या, नणंदेसाठी गूळ आणि कांदा-लसूण मसाला, विदर्भातल्या थंडीसाठी दोन स्वेटर. त्यात फुटबॉल कुठेच नव्हता. फुटबॉल आपल्याकडे तालमी-तालमींत इतका आहे की तो बघायला चोवीस तासांचा प्रवास करून वर्ध्याला जावं, असं कुणाच्या डोक्यात येईल?

नणंद शोभा सिंदी मेघेला राहते. वर्धा शहर कुठे संपतं आणि ही वस्ती कुठे सुरू होते, ते नव्या माणसाला कळत नाही. तिच्या नव्या घराची पूजा होती. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तर्री-पोहे आले. पोह्यांवर लालभडक झणझणीत रस्सा ओततात, त्याला तर्री म्हणतात. आपण कोल्हापूरकर तिखटाला भीत नाही, असं मी जाहीर केलं आणि दोन घासांनंतर मुकाट्याने दही मागितलं.

समोर शोभाचे दीर सुधाकरराव बसले होते. अल्लीपूरला त्यांचं खत-बियाण्याचं दुकान आहे. माझी फजिती बघून ते हसले नाहीत, त्यांनी वाटी पुढे सरकवली.

"कोल्हापूरच्या आहात, मंग फुटबॉल कळत असंन तुमाले. उद्या आमच्या गावाले फायनल आहे. मी रेफरी आहो. येजा जी." (येजा म्हणजे या.)

परतीची गाडी परवाची होती. मी यादीत एक ओळ वाढवली.

सकाळच्या एसटीत खिडकी मिळाली. हिंगणघाट तालुक्यातला हा भाग म्हणजे काळी, भेगाळलेली जमीन आणि तिच्यावर फुटलेला पांढरा कापूस. मध्येच तुरीचे पट्टे, वाळलेल्या शेंगांचे. वेचणी करणाऱ्या बायका कमरेला ओटी बांधून ओळीने सरकत होत्या. आपल्याकडच्या उसासारखी भिंत इथे डोळ्यांना अडवत नाही. नजर जाईल तिथपर्यंत शेत आणि मग एकदम आभाळ. मी खिडकीतून इतकं चित्रीकरण केलं की अल्लीपूरला उतरेपर्यंत फोनने मान टाकली. चार्जर शोभाच्या घरी भिंतीत खोचलेला. दोन्ही स्वेटर मात्र सोबत होते, आणि ऊन चटके देत होतं.

सुधाकररावांच्या पत्नी वंदनाताईंनी जेवायला पातोडीचा रस्सा केला होता. पातोडी म्हणजे बेसनाची वडी; ती मसालेदार रश्शात सोडतात. शेजारी ज्वारीची भाकरी. सुधाकरराव आत कपडे बदलत होते तेव्हा वंदनाताई हळूच म्हणाल्या, "आजची मॅच त्याईची आखरी असंन, ताई."

"का हो?"

"मागच्या मॅचमंदी आपल्याच गावावर पेनल्टी देल्ली. लोकं म्हनते, सुधाकरभाऊ पाव्हन्याईवर मेहरबान अन् गावाले दुश्मन. आज पुन्हा तसं झालं तं पुढच्या वर्षी नागपूरहून रेफरी आनतो म्हनते. सुटलं तं बरंच हाये. किती वर्षं शिव्या खायच्या?"

असं म्हणतानाच त्या नवऱ्याचा काळा शर्ट इस्त्री करत होत्या, आणि बाहीची घडी मनासारखी होईपर्यंत सोडत नव्हत्या.

मैदानाकडे चालत निघालो तेव्हा मी सुधाकररावांना विचारलं, "इथे व्हिडिओ बघून निर्णय देतात का?"

"आहे ना. उलटा व्हिडिओ."

मग त्यांनी सांगितलं ते असं. पूर्वी वाद झाला की दोन्ही गावांची माणसं फोन घेऊन मैदानात उतरायची. प्रत्येकाच्या फोनमध्ये त्याचंच गाव बरोबर. एकदा अंधार पडेपर्यंत फोनच बघत बसले आणि सामना राहून गेला. तेव्हा सगळ्या गावांनी मिळून नियम केला: आपल्या फायद्याचा व्हिडिओ कोणी दाखवायचा नाही. ज्याच्या संघाचं नुकसान होतं, त्यानेच आणला तर रेफरीने बघायचा आणि निर्णय बदलायचा.

"आणि कोणी आणतं?"

"एकदा आनला होता," ते म्हणाले आणि मैदानाच्या कडेला चपला काढून बूट घालायला बसले.

समोरचा संघ वर्ध्याच्या कडेच्या बोरगाव मेघेचा. त्यांचे समर्थक मिनी-ट्रकमधून ढोल घेऊन आले होते. मला सावलीची जागा त्यांच्यातच मिळाली. शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर पिंटूभाऊ नावाचा भरदार गडी. बोरगावला त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. काठीला फोन बांधून तो सगळी मॅच टिपत होता. माझा फोन बंद आहे कळल्यावर त्याने खिशातून पॉवर बँक काढली, पण तिची पिन माझ्या फोनला बसेना. "काकू, हा फोन म्युझियमले द्या," तो म्हणाला.

सामना सुरू व्हायच्या आधीच वाद सुरू झाला होता, तोही परदेशातल्या मॅचमध्ये व्हिडिओ बघून दिलेल्या निर्णयांचा.

"तिकडे साहेब लोक टीव्हीसमोर बसून रेषा ओढून राह्यले," अल्लीपूरचा एक म्हातारा दोरीपलीकडून म्हणाला, "तरी एका शनिवारी हात म्हनते अन् दुसऱ्या शनिवारी तोच हात म्हनजे खांदा!"

"मशीन चुकत नाई, आजोबा. पाह्यनारा चुकते," पिंटूभाऊ म्हणाला.

"मंग मशीन काऊन घेतली बे?"

दोन्हीकडचे हसले. मी मनात म्हटलं, आपल्या पेठेतला कट्टा इथे उचलून आणलाय.

खेळ मात्र बघण्यासारखा. मैदान टणक, चेंडू उसळायचा, तरी पोरं पायाशी ठेवत होती. पूर्वार्धात अल्लीपूरच्या बचावपटूच्या हाताला चेंडू लागला. हात अंगालगतच होता, सोडून देता आलं असतं. सुधाकररावांनी पेनल्टी दिली. बोरगाव एक गोल पुढे. उत्तरार्धात तसाच चेंडू बोरगावच्या पोराच्या हाताला लागला, आणि शिट्टी वाजली नाही.

"इकडचा हात दिसते, तिकडचा नाई दिसत काय?" अख्खं गाव ओरडलं.

मलाही ते खटकलं. हा माणूस पक्षपाती नव्हता. उलट, आपल्या गावाचा म्हणून कोणी बोट दाखवू नये, यासाठी तो प्रत्येक संशयाचा निर्णय आपल्याच पोरांवर ढकलत होता.

अल्लीपूरने बरोबरी केली. मग अगदी शेवटी त्यांच्या रोशन नावाच्या पोराने उंच आलेला चेंडू छातीवर घेतला आणि खाली पडता पडता जाळीत मारला. गावाने जल्लोष करायच्या आत शिट्टी वाजली. हात! गोल रद्द.

लोक दोरी ओलांडून आत आले. रोशनने पांढरा शर्ट ताणून दाखवला. छातीवर चेंडूच्या मातीचा गोल ठप्पा होता.

"तो ठप्पा सकाळचा आहे!" पिंटूभाऊ स्टुलावर उभा राहून ओरडला. "धुवून येत जा बे!"

बोरगावकर खदखदून हसले. तो खाली बसला आणि मजा म्हणून व्हिडिओ मागे घेतला. मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. चेंडू येतो, छातीवर आदळतो; दोन्ही हात मागे, पाठीशी. त्याने पुन्हा बघितलं. मग फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"काकू, तुमी पाह्यलं काय?"

"पाहिलं."

"मंग?"

मी रेफरीच्या घरची पाहुणी. माझ्या तोंडातून काही निघालं तर त्याला काय अर्थ? "व्हिडिओ तुमचा आहे," मी म्हटलं.

"काऊन शूट केलं मी?" तो स्वतःवरच चिडला. मैदानात सुधाकरराव गर्दीच्या मधोमध ताठ उभे होते, इस्त्रीचा शर्ट घामाने चिकटलेला. पिंटूभाऊने एक शिवी हासडली, काठीचा फोन सोडवला आणि चालू लागला. मागून बोरगावचे मित्र ओरडले, "कुठी चालला बे? पिंट्या! बस खाली!" तो थांबला नाही.

सुधाकररावांनी फोन घेतला, उन्हाकडे पाठ करून बघितला. एकदाच. मग मध्यरेषेकडे हात केला. गोल.

थोड्या वेळात सामना संपला, अल्लीपूर जिंकलं. पण पोरांना खांद्यावर घ्यायच्या आधी सुधाकररावांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि अल्लीपूरच्या मंडळाच्या अध्यक्षांपुढे धरली.

"ठरलं होतं. पुन्हा आपल्याच पोराईवर चुकलो मी. नागपूरचा आना."

अध्यक्षांनी हात पुढे केला. तेवढ्यात पिंटूभाऊ मध्ये आला. त्याचे मित्र अजून त्याच्याशी बोलत नव्हते.

"थांबा जी. नागपूरचा काय चुकनार नाई? तोई चुकन. पन त्याले फोन दाखवाले मी जानार नाई. तो पाहीन का नाई, काय माईत? हा मानूस पाह्यते, अन् चुकलो म्हनते. हरलो आमी, अन् रेफरी तुमी बदलवता?"

मग मघाचा म्हातारा दोरीजवळून म्हणाला, "सुधाकर, घाल गळ्यात. फक्त पुढच्या टायमाले आमाले बी पाव्हने समज."

हशा पिकला. अध्यक्षांनी शिट्टी घेतली खरी, पण सुधाकररावांच्याच गळ्यात परत घातली. संध्याकाळी वंदनाताईंनी ती साबणाने धुतली आणि दोरीवर काळ्या शर्टाच्या शेजारी वाळत टाकली. सुटलं तं बरं, हे त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

वर्ध्याहून गोरसपाक (तुपातली खुसखुशीत बिस्किटं) घेतला, शोभाकडून चार्जर घेतला आणि गाडी पकडली. घरी हे सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "तिथं चालत असंल. आपल्या पेठंत असला व्हिडिओ दाखवून बघ, जेवायला कोण वाढतंय ते."

पुढच्या रविवारी आमच्या तालमीचा सामना होता. मी स्टेडियमच्या नेहमीच्या पायरीवर, फोन पूर्ण चार्ज करून सामना टिपत होते. आमचा पोरगा गोलसमोर पडला, पंचांनी पेनल्टी दिली, पायऱ्या नाचायला लागल्या. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "एकदम क्लिअर!"

मी व्हिडिओ मागे घेतला. त्याला कोणी शिवलंच नव्हतं. पुन्हा बघितला. खाली मैदानात पंचांना समोरच्या पोरांनी घेरलं होतं. इथे तो नियम नाही, माझं कोणी ऐकणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी पर्स वहिनींच्या मांडीवर ठेवली आणि फोन घेऊन पायऱ्या उतरायला लागले.