तासाच्या शेवटची चिठ्ठी

चार शिक्षक चहाला बसले की किस्से निघतातच. माझे तर लेखी आहेत! गणिताचा तास संपता संपता मी मुलींना कागदाचं चिटोरं देते आणि एकच प्रश्न घालते. घरी जाऊन चिठ्ठ्या वाचायच्या आणि उद्या काय शिकवायचं ते ठरवायचं. शाळा हिंदी मीडियम, म्हणून उत्तरंही हिंदीत.

सुरुवात मध्य प्रदेशातल्या धारला झाली. दिवसाचा शेवटचा तास होता. पहिल्याच दिवशी एक चिठ्ठी आली, "मैडम, मांडू की बस छूट जाएगी. कल लिखूँगी."

दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठी दहा मिनिटं आधी. माझं पहिलं प्लॅनिंग बसवाल्याने केलं म्हणा ना!

मग एकदा विचारलं, "आज का पाठ समझ में आया?" सगळ्या वर्गाने लिहिलं, "हाँ." मी तरंगतच घरी आले. सासूबाईंनी चिठ्ठ्या चाळल्या आणि म्हणाल्या, "अगं, सगळ्यांना सगळं समजलं म्हणजे घंटा व्हायची वेळ झाली असणार!"

दुसऱ्या दिवशी विचारलं नाही, सरळ एक गणित घातलं. निम्म्या वर्गाचं चुकलं. तो धडा पुन्हा पहिल्यापासून!

पुढे बदली टोंकखुर्दला झाली. आता देवासहून रोज जाऊन-येऊन करते. तिथे एकदा प्रश्न होता, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? बहुतेकींनी लिहिलं चतुर्थांश, कारण तीनापेक्षा चार मोठे! सकाळी डब्यात दोन सारख्या पोळ्या जास्तीच्या नेल्या. एकीचे तीन तुकडे केले, दुसरीचे चार. "भूक लगी है, कौन-सा टुकड़ा लोगी?" सगळे हात तीनवालीकडे!

एक जण वैतागून म्हणाली, "मैडम, पहले बोलना था ना कि खाने का सवाल है!"

आमचे पंवार सर इतिहास शिकवतात. आवाज असा की शेजारचा वर्गही ऐकतो. मला नेहमी म्हणायचे, "मैडम, परीक्षा तो मार्च में होती है, ये रोज-रोज काहे की?" एक दिवस कुणाला न सांगता त्यांनीही चिठ्ठ्या घेतल्या. प्रश्न होता, आज काय शिकलात? त्यातली एक त्यांनी मुकाट्याने माझ्यापुढे ठेवली.

"सर बहुत अच्छा बोलते हैं. क्या बोले, याद नहीं."

मग सर हळूच म्हणाले, "थोड़े कोरे कागज और देना, मैडम."

आणि ही ममताची. ममता आणि रेखा एका बाकावर बसायच्या. दोघींची उत्तरं रोज बरोबर, त्यामुळे त्यांची मला कधी काळजीच नव्हती. एक दिवस रेखाने उत्तराखाली बारीक अक्षरात लिहिलं, "मुझे आता है. ममता को नहीं आता, वो मेरा देखती है. उसको डाँटना मत, कल फिर से पढ़ा दो."

मी कुणाचं नाव न घेता तोच धडा साऱ्या वर्गाला पुन्हा शिकवला. हळू, फळ्यावर चित्रं काढून. ममता पहिल्यांदाच मान वर करून बघत होती. त्या दिवशी तिची चिठ्ठी सगळ्यात शेवटी आली.

उत्तर साफ चुकलेलं. खाली लिहिलं होतं, "आज अपने मन से किया है, मैडम."