सखारामचा शोध

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगते. आमचे हे अजून हसतात, ते पुरे आहे.

आम्ही बिबवेवाडीत राहायचो तेव्हाची गोष्ट. आमचा नितीन कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेला, म्हणून आम्ही घरात फोन घेतला. घेतला नितीनसाठी, आणि वाजायचा मात्र लीनासाठी! लीना म्हणजे समोरच्या देशमुखबाईंची भाडेकरू. मॉरिशसची पोरगी, पुण्यात मराठी शिकायला आलेली. तिनं घरी आमचाच नंबर दिलेला. दर रविवारी अकराला तिच्या आजोबांचा फोन यायचा आणि ती आमच्या दिवाणावर बसून फ्रेंचसारखं काहीतरी भरभर बोलायची. मी तिथेच भाजी निवडत बसायची. ऐकत नव्हते हो! कळतच नव्हतं, तर ऐकणार काय?

तिचं पत्र आलं की पाकिटावर ‘लीना सखाराम’. आता मला सांगा, आपल्याकडे बाईच्या नावापुढे कोणाचं नाव असतं? वडिलांचं नाही तर नवऱ्याचं. तिच्या वडिलांचं नाव मोहन, हे मी पहिल्याच दिवशी विचारून ठेवलेलं. मग हा सखाराम कोण?

एकदा चहा देता देता सरळ विचारलं, “सखाराम कुठले गं?”

“रत्नागिरीकडचे,” ती म्हणाली. तिचं मराठी अगदी पुस्तकातलं, इस्त्री केलेलं. “बोटीने आमच्याकडे आले. परंतु गावाचे नाव त्यांनी कुणालाच सांगितले नाही.”

“अगं बाई! मग?”

“आजोबा म्हणतात, माझे डोळे मिटण्यापूर्वी सखारामचे गाव सापडू दे. मी त्यासाठीच पुण्यात आले. परंतु परत जायला आता पंधराच दिवस उरले आहेत.” आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

झालं! माझ्या डोक्यात सगळं चित्र तयार. बोटीवरचा माणूस, तिकडे जाऊन लग्न केलं, गावाचा पत्ता लपवला आणि पळाला! मंगळसूत्र का नाही गळ्यात? काढून ठेवलं असेल बिचारीनं.

यांना सांगितलं, तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “पोलीस खातं बंद करून सगळी कामं तुझ्याकडेच द्यायला हवीत.”

मी गप्प बसणारी का? भजनी मंडळात विषय काढला. देशमुखबाईंनी तर पदरच डोळ्यांना लावला. आणि चौथ्या दिवशी, विश्वास ठेवा, मला सखाराम सापडला! आमच्याच सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर कपाटं करत होता. सुतार. गाव? रत्नागिरी जिल्हा. “आणि आधी काय करायचात?” “बोटीवर होतो की वहिनी, चार वर्षं.”

आता याहून मोठा पुरावा कोर्टाला तरी लागतो का?

रविवारी दाराची कडी बसवायची म्हणून त्याला बोलावलं. देशमुखबाई आणि मंडळातल्या दोघी आधीच येऊन बसलेल्या. लीना फोनसाठी आली, तशी मी दार लावून घेतलं.

“सखाराम, ओळख हिला!”

त्यानं बघितलं. “नाय ओळखत.”

“लग्नाच्या बायकोला ओळखत नाहीस? लाज नाही वाटत?”

त्याच्या हातातला पेचकस खाली पडला. “वहिनी, माझी बायको गावाला हाय! तीन पोरं हायत! ही कोण?”

“काकू!” लीना किंचाळली. “सखाराम माझ्या आजोबांचे आजोबा!”

यांनी पेपरचं पान उलटलं.

मग पोरीनं समजावलं. उसाच्या मळ्यात राबायला तो माणूस गेला. धक्क्यावर साहेबानं नाव विचारलं, यानं सांगितलं सखाराम. तेच कागदावर चढलं आणि तेच घराण्याचं आडनाव झालं. “मी सखाराम, बाबा सखाराम, आईसुद्धा सखाराम.”

“घ्या,” हे पेपरामागून म्हणाले. “आता कुणाकुणाला जाब विचारतेस?”

तेवढ्यात फोन वाजला. लीना दोन वाक्यं बोलली आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला. “आजोबांना तुमच्याशी मराठीत बोलायचे आहे. आमच्याकडे घरात क्रिओल बोली, पेपर फ्रेंच, कचेरीत इंग्रजी. मराठी फक्त देवापुढे उरले आहे. त्यांना माणसाशी बोलायचे आहे.”

मी कानाला लावला. “नमस्कार, बाई,” पलीकडून आवाज आला. एकेक शब्द जपून, जुन्या पेटीतून काढल्यासारखा. “तुम्ही… जेवलात?”

खरं सांगते, मला नितीनचा पोरगा आठवला. चार वर्षांचा आहे. फोनवर ‘हाय ग्रॅनी’ म्हणतो आणि पळतो. जेवलीस का, असं त्यानं कधी विचारलं नाही. त्याला येतच नाही. आणि या माणसानं समुद्रापलीकडे, इतक्या पिढ्यांनंतर, तेवढं एक वाक्य सांभाळून ठेवलेलं!

“सखारामचं गाव… सापडलं?” त्यांनी विचारलं.

आणि माझं तोंड! “सापडलं!” मी म्हणून गेले.

पलीकडून हळूच, “नाव?”

मी सुताराकडे बघितलं. त्यानं घाबरत आपल्याच गावाचं नाव सांगितलं, “पालवखोल.” मी सांगितलं. म्हातारबुवांनी ते तीनदा म्हटलं, पाठ करत असल्यासारखं. मग म्हणाले, “आम्ही येतो. सगळे.”

“काकू,” लीना कुजबुजली, “ते आमचे गाव नाही हो.” हसत होती की रडत होती, देव जाणे.

“नसू दे ताई,” सुतार म्हणाला. “येऊ देत. तुमचं गाव मी हुडकीन हळूहळू. तोवर सखारामच्या घरी तरी उतरतील.”

फोनवर आजोबा अजून होतेच. “बाई, तुम्ही सखारामच्या कोण?”

काय सांगणार? हळूच म्हटलं, “शेजारीण.”

पेपर खाली आला. हे म्हणाले, “सकाळपासून एवढं एकच खरं बोललीस.”