ओट्यावरची नावं

मी अर्नाळा सोडलं त्या दिवशी आई रिक्षापर्यंत आली, तीही घाईतच. "नीघ आता, बाय. जागा उघडी टाकून आलेय," एवढंच म्हणाली. मला राग आला. पोरगी टोरांटोला चाललीय आणि हिला मच्छीबाजारातल्या हातभर ओट्याची काळजी!

वडील पत्रकं छापून वाटायचे. वाचायला मी त्यांवरच शिकले. मच्छीमाराचा हक्क, बाईचा हक्क. म्हणून इथे बेसमेंटमधल्या खोलीत घराची वंशावळ लिहायला घेतली तेव्हा ठरवलं, बायकांच्या नावांशिवाय ती पुरी म्हणायची नाही. वंशावळीच्या वेबसाइट चाळल्या. काकांनी सात-बाराचे, शाळेच्या दाखल्यांचे फोटो पाठवले. सगळीकडे बाप, आजा, पणजा. आईला विचारलं, तर म्हणते, "सासूचं नाव घरात घेत नाय गो." पत्रकं वाटणाऱ्या घरात हे! मी फोन आपटला.

मग एकदा व्हिडिओ कॉल लागला तेव्हा आई बाजारात होती. गुडघे गेल्यामुळे जागा माझ्या वहिनीला, सुशीलाला देत होती. आमच्याकडे जागा सासूकडून सुनेला जाते, आणि बसण्याआधी ती कुणाकुणाकडून आली ते मोठ्याने सांगावं लागतं, म्हणजे पुढे भांडण नको. सुशीला पदर चावत उभी. शेजारची हिरामावशी ओरडली, "घरातली लाज घरात ठेव गो! मुकी बसलीस तर तुझी पापलेटं काय मी विकू?"

सुशीला बोलली. "चांगुनाची जागा लक्षुमीला. लक्षुमीची गंगूला. गंगूची पार्वतीला. पार्वतीची मला."

पार्वती म्हणजे आई. मी धडाधड टाइप करत होते. कुठल्याही कागदावर नसलेल्या माझ्या आज्या-पणज्या त्या ओट्यावर खणखणीत जिवंत होत्या. तुम्हीही शोधत असाल, तर कागदांच्या आधी बायकांना स्वतःच्या नावाने हाक मारतात तिथे जा. बाजारात जा, विहिरीवर जा.

पण ही नावं वाचताना मी पार्वतीपाशी अडते. पुढे सुशीला. लेकींना वगळणाऱ्या या रीतीविरुद्धही पत्रक काढावं असं वाटलं. शेवटी आईलाच विचारलं, यात मी कुठे?

ती हसली. "तू बसलीसच कुठं, बाय?"

घर म्हणजे आता माझ्यासाठी हाच प्रश्न. इथे खोल्या बदलते, पत्ते बदलते. अजून उभीच आहे.