खदानीत भिजलेला तागा

भिवंडीतल्या आमच्या खदानीच्या पाण्यात कधी कोणी बुडालं नाही. माझा पहिला नंबर थोडक्यात हुकला.

रस्त्याला खडी काढून काढून झालेला तो खड्डा पावसाने भरला आणि आमचा तलाव झाला. शुक्रवारी कापडाचे लूम बंद, म्हणून ऐंशीच्या दशकात दर शुक्रवारी सगळा मोहल्ला पाण्यात. कारागीर, मालक, म्हशी, सगळे सारखे! (म्हशी जरा जास्त शिस्तीत.) पोहता येत नव्हतं फक्त मला.

त्या आठवड्यात माझं डोकं आधीच तापलेलं. कल्याणच्या एका व्यापाऱ्याने माझ्या लूमवरचा सगळा मांजरपाट परत पाठवला होता. म्हणे, धुतल्यावर आटतो! माझं कापड? कापड नाही आटत, व्यापाऱ्याची नियत आटते! घरभर तागे पडलेले, बायको त्यांच्यावरून उड्या मारत चहा आणायची.

त्यात कोन गावाहून सासरे आले. खाडीकाठचा माणूस.

"जावय, तुमाला पवाला येत न्हाय? आमची कोंबरी पन पवते!"

"आजच शिकतो!" मी उसळलो.

नवशिक्याच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा, ही खदानीची रीत. मेहुणा बाळू डबा आणि सुंभ घेऊन आला.

"सुंभ कशाला? घरातून तागा आण! हवा तेवढा भिजव, सूतभर आटणार नाही!"

बाळूने कापडाची पट्टी छातीभोवती गुंडाळून डबा बांधला. मी सगळ्यांदेखत उडी मारली.

आणि तरंगलो! काय ते सुख! मग हळूहळू छातीवर कोणीतरी बसायला लागलं.

"बाळू, ओढतोस कशाला?"

"भावजी, मी काठाव हाय!"

"अहो, तुमचं तोंड निळं का पडतंय?" बायको किंचाळली.

मी ओरडायला गेलो, तर नुसतं "ईऽऽ" निघालं. लूम बंद, त्यामुळे तेही सगळ्या मोहल्ल्याने ऐकलं!

चौघांनी बाहेर ओढलं. माझा कारागीर गाठीशी झटू लागला. "सेठ, खुलती नहीं! कपड़ा सिकुड़ गया!"

"ना... ही... आटत..." मी प्राण पणाला लावून सांगितलं.

सासऱ्यांनी कोयता काढला.

"कापड... कापू... नका!" (जीव जातोय आणि चिंता कशाची!)

चर्र! आणि श्वास आला. हवा एवढी गोड असते, हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. बायको रडता रडता हसायला लागली.

सासरे मात्र बाळूवर घसरले. "मेल्या, वेढं सैल मारलंस? कापर आटला म्हनून डबा ऱ्हायला. न्हायतं डबा वर नि जावय खाली!"

म्हणजे ज्या आटण्यावरून मी व्यापाऱ्याला शिव्या घालत होतो, त्यानेच मला वाचवलं होतं! कारागिरांनी सुटकेच्या आनंदात मला पुन्हा पाण्यात टाकलं नाही, एवढंच नशीब.

पुढे खदान बुजली, तिथे गोदाम उभं राहिलं. तागे काही खपले नाहीत, म्हणून बायकोने त्यांचे माझ्यासाठी सदरे शिवून घेतले. पहिल्या धुण्यानंतर एकाचंही बटण लागेना. कोणी विचारलं तर मी आजही ठणकावून सांगतो, कापड आटलेलं नाही. मी जाड झालोय!