तिची हलकी गाणी

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चिंच फोडणं. दुपारची गाडी निघून गेली की आमच्या हॉटेलात गिऱ्हाईक नसायचं. मागच्या पडवीत पोतं अंथरून बसलो. ती चिंच ठेचायची, मी चिंचोके काढायचो. फळीवरचा रेडिओ गप्प होता, कारण त्याची बॅटरी सकाळीच बसच्या टपावर घालून हुमनाबादला पाठवली होती. मन्नाएखेळ्ळीत तेव्हा वीज नव्हती. बॅटरी उतरली की आधी आम्ही ती उन्हात ठेवायचो, ऊन खाऊन जरा उठेल म्हणून. ती काही उठायची नाही. मग मोटारीच्या गॅरेजात चार्ज करायला पाठवायची.

"तुमच्या गवयानं पिऊन टाकली बॅटरी," ती म्हणाली. "सनवारी एकच शब्द धरून बसला होता. मी भाकऱ्या थापल्या, भांडी घासली, तरी त्याचा शब्द फुटंना."

"त्याला आलाप म्हणतात."

"म्हणत असतील. सडकंवर जुनी लारी चालू होईना म्हणून हँडल मारायलेत, मारायलेत, तसं वाटतंय मला."

हसू आलं, पण हसलो तर ती जिंकणार. म्हणून मान खाली घालून चिंचोके काढत राहिलो.

मी शिकलेला नाही. नाव लिहिता येतं, हिशेब तोंडी येतो, तेवढंच. पण पोरवयात मठाच्या जत्रेला गवई यायचे, त्यांच्या मागं तंबोरा धरून बसायचं काम मला मिळालं, आणि तिथंच कानाला पक्क्या गाण्याची चव लागली. पुढं सडकेवर हॉटेल टाकलं, बऱ्यापैकी चाललं, तेव्हा पहिल्यांदा काय घेतलं तर रेडिओ. आमच्याकडं नीट लागायचं ते एकच स्टेशन, आणि ते पक्क्या गाण्याचं. त्यात आठवड्यातून एकदा, बेस्तरवारी म्हणजे गुरुवारी सकाळी, अर्धा तास हलकी गाणी लावायचे. भावगीतं, पाळणे, पेटीवर म्हटलेली साधी पदं. तो अर्धा तास माझ्या बायकोचा.

मला तो अर्धा तास खुपायचा. सोवळ्यात चप्पल घालून आल्यासारखा वाटायचा. चहा प्यायला येणारे शाळेचे गुरुजी माझ्याच मताचे. "स्टेशन एकदा पक्क्या गाण्याचं म्हटलं, की पक्कंच पाहिजे," ते म्हणायचे, आणि मी त्यांच्या कपात दूध जरा जास्त घालायचो.

एकदा मी गुरुजींसमोर बोललो, "हलकं गाणं म्हणजे बत्तासा. तोंडात टाकला की गेला."

ती चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "मग देवाम्होरं बत्तासाच कामून ठिवता? कधी अख्खी पुरणपोळी ठिवलाव का रोज?"

गुरुजींना ठसका लागला. मी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

त्या दिवसांत हॉटेलात सगळा वाद कोण कुठं जाणार याचाच. निजाम गेला होता, पण आमचा मुलूख अजून हैदराबाद राज्यातच होता, आणि ते राज्य मोडणार असं सगळे बोलायचे. कुणी म्हणायचं आपण म्हैसुरात जाणार, कुणी म्हणायचं मुंबईकडं. घरात कानडी आणि मराठी दोन्ही बोलणारी आमच्यासारखी माणसं दोन्हीकडून शिव्या खायची. अशातच एके दिवशी रेडिओवर सांगितलं, की हलक्या गाण्यांचा कार्यक्रम पुढच्या बेस्तरवारी शेवटचा. गुरुजी खूश झाले. मीही झालो. खोटं कशाला बोलू?

ती एवढंच म्हणाली, "राज्य कुणाचं बी होऊ द्या. गाणी ऱ्हाऊ द्यायची होती."

तिचं एक गाणं होतं, पाखराचं. ते तिला पाठ झालं होतं, पण शेवटचं कडवं सोडून. गाणं अर्ध्यात आलं की बाहेरून कुणीतरी ओरडणार, "अक्का, दोन चहा," आणि ती उठणार. परत येईपर्यंत दुसरं गाणं सुरू. दर वेळी तेच. चिंच फोडताना तिनं तोच विषय काढला, कारण तो शेवटचा बेस्तरवार दुसऱ्या दिवशीच होता.

"बॅटरी सकाळच्या गाडीनं येईल न्हवं?"

"येईल."

"गाण्याच्या आदी?"

"गाडी वेळेवर आली तर येईल."

"मग उद्या चुलीकडं तुमी बसा. मला कुणी हाक मारायची न्हाई. एकडाव ते गाणं शेवटपातुर ऐकते, मग करा तुमचं स्टेशन सोवळं."

"बसतो," मी म्हणालो. "पण चहा बिघडला तर गिऱ्हाइकाला तूच सांग."

"कळतंय त्यास्नी. तुमी केलेला वासावरनंच वळखतेत."

चिंच संपली. तिनं मीठ लावून गोळे केले, गाडग्यात भरले. उठताना छातीवर हात ठेवून म्हणाली, कळ यायलीय, जरा पडते. मला वाटलं वाकून बसल्यानं असेल. दिवेलागणीला हाक मारली तर ती उठली नाही. डॉक्टर हुमनाबादला, आणि त्या वेळी गाडी नव्हती. असती तरी उपयोग नव्हता, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं. सांगणाऱ्याचं काय जातं?

आमच्यात माणूस गेलं की निजवत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, भिंतीला टेकवून बसवतात, आणि माती देईपर्यंत समोर भजन चालतं. तिचा भाऊ निंबर्ग्याहून यायचा होता, त्याच्यासाठी थांबायचं होतं. मठाचे पुजारी, अय्या, भजनी मंडळी घेऊन आले. टाळ, पेटी, साध्या चालीची पदं, बायाबापड्यांनाही म्हणता येतील अशी. मी तिच्याकडं बघत ऐकत होतो. त्यात ना राग होता ना ताना, आणि त्या वेळी मला दुसरं काही सोसलंही नसतं. ती असती तर टोमणा मारल्याशिवाय राहिली नसती.

सकाळी गाडी उशिरा आली. ड्रायव्हरला काही माहीत नव्हतं. टपावरून बॅटरी उतरवत तो बोलला, "टायर बसला अण्णा. अक्काला म्हणावं घुस्सा करू नको." मग त्याला आतले टाळ ऐकू आले. त्यानं बॅटरी माझ्या हातात दिली आणि डोक्यावरची टोपी काढली.

मी बॅटरी तशीच आत नेली. फळीवरचा रेडिओ खाली घेतला, तिच्या समोर ठेवला, तारा जोडल्या.

अय्या म्हणाले, "हे काय करायलास? हिथं भजन चालू हाय."

"तुम्ही जरा थांबा, अय्या. हिचा अर्धा तास हाय."

"मयताच्या घरात रेडिओ?"

"रागावा मला. पण थांबा."

टाळ थांबले. रेडिओ तापायला वेळ लागतो, तेवढा वेळ सगळे त्या खोक्याकडं बघत राहिले. मग आवाज आला. कुठली तरी बाई गात होती, पण गाणं संपत आलं होतं आणि ते पाखराचं नव्हतं. पाखराचं आधीच होऊन गेलं, की त्या दिवशी लावलंच नाही, ते मला कधीच कळलं नाही. बाईनं शेवटची ओळ दोनदा म्हटली आणि थांबली. निवेदक म्हणाला, हा कार्यक्रम इथं संपला.

मी अजूनही म्हणतो, हलकं ते हलकंच. माझा कान त्या वयात बनला, आता बदलायचा नाही. पण माणसाला घरकामातून अर्धा तास मिळत असेल, तर त्या अर्ध्या तासात मावेल असंच गाणं त्याला पाहिजे, आणि ते कुठल्यातरी स्टेशनवर असायला पाहिजे. हे मला तिला सांगायचं होतं. वाद घालायला दुसरं माणूस लागतं.

निवेदकामागून तंबोरा सुरू झाला. मोठा गवई होता, एरवी त्याच्यासाठी मी गिऱ्हाईक सोडून बसलो असतो. त्यानं पहिला सूर लावला तेवढ्यात मी बटण फिरवून रेडिओ बंद केला, आणि मंडळींना म्हणालो, "म्हणा पुढं."