घरात पोतं असताना मागितलेली साखर

विमानतळाला जायची गाडी दारात उभी होती आणि मी स्वयंपाकघरात गव्हाची कोठी उपसत होतो. संजय, माझा पोरगा, बाहेरनं ओरडत होता, "आबा, चला की! विमान म्हंजे काय एस.टी. हाय व्हय, हात केला की थांबायला?" मी जन्मभर एस.टी.त ड्रायव्हर होतो, त्यावरचा हा टोमणा.

शेवंता, माझी बायको, दर उन्हाळ्यात वर्षाचं भरायची. गहू, जोंधळा, तांदूळ, डाळ, चटणी. त्याही उन्हाळ्यात भरलं. डाळीला एरंडेल चोळलं, गव्हात लिंबाचा पाला घातला. दिवाळीच्या आधी छातीत कळ आली आणि शेवंता गेली. वर्षाचं भरलेलं, अर्धंसुद्धा खाल्लं नाही तिनं. राहिलेलं मी एकट्यानं खायचं का टाकायचं, हे काय तेराव्याला आलेल्या पावण्यांनी सांगितलं नव्हतं. बाकी सगळं सांगितलं.

शेजारची आक्काताई घमेली घेऊन उभी होती. मी ओतत होतो.

"भावजी, सगळं नगो. माघारी आल्यावर काय खातासा?"

"आल्यावर बघू."

"थोडं तरी ठेवा की कोठीत. रिकामी ठेवू न्हाय."

मी दोन ओंजळी गहू ठेवले आणि झाकण लावलं. मुरगूड सोडताना रडलो नाही. गाडी निपाणीच्या हमरस्त्याला लागली तरी नाही. रडू येत नव्हतं, हसू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. पोरगा चल म्हणाला, चाललो. नको म्हणायला तरी अंगात जोर लागतो.

हे मी मुरगूडात राहिलेल्यांसाठी लिहितोय, आणि माझ्यासारखे पोरांच्या मागनं परदेशी गेलेत त्यांच्यासाठी. शाळा माझी सातवीपर्यंत. चुकलं तर चुकलं.

न्यू जर्सीत संजयचं घर म्हणजे तीन मजली चाळच, फक्त तिला अपार्टमेंट म्हणायचं. सून मनीषा पेठ वडगावची. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा आणि सासूला आत्याबाई म्हणते, तशी ती मला तिकडंही मामाच म्हणायची. नात केतकी तेव्हा नुकती चालायला लागलेली. संजयच्या एकट्याच्या पगारावर घर. मनीषाचं शिक्षण होतं, पण तिच्या व्हिसावर नोकरी करायला परवानगी नव्हती. म्हणून दोघंही काटकसरीची. पण दोघांची काटकसर दोन तऱ्हेची, आणि त्यावरनं रोज खटके.

संजय गोडाऊनवाला. शहराबाहेर एक दुकान होतं, दुकान कसलं, आमच्या डेपोएवढं गोडाऊन. छताला लोखंडी कैच्या, खाली माल रचलेला. वर्षाची फी भरून कार्ड काढायचं, तरच आत सोडायचे. तिथं सुटं काही मिळायचं नाही. तेल घ्यायचं तर डबाच, साखर घ्यायची तर पोतंच. संजयनं घरातलं दुसरं कार्ड माझ्या नावानं काढलं. त्यावर माझा टोपीतला फोटो. दारात उभी असलेली पोरगी ते बघून "हॅलो" म्हणायची. दर शनिवारी आम्ही जायचो. ढकलगाडी मी ढकलायचो. शेवंताला हे दुकान आवडलं असतं, असं एकदा मनात आलं आणि मी गाडी तिथंच सोडून तांदळाच्या थप्पीजवळ उभा राहिलो. संजय म्हणाला, "आबा, काय झालं?" मी म्हटलं, "काय न्हाय. तांदूळ बघतोय."

मनीषा नेटवाली. नेटवर मागवायची पद्धत मला तेव्हा नवी होती. केतकीचे डायपर, साबण, डाळी, सगळं ती कॉम्प्युटरवर धुंडायची. ठरावीक रकमेचा माल घेतला तर आणणावळ माफ, म्हणून चार दिवस थांबून सगळं एकदम मागवायची.

"ह्यांच्या त्या गोडाऊनात जायचं म्हंजे पेट्रोल जाळायचं, फी भरायची आणि नगं ते घिऊन यायचं," ती म्हणायची. "मागल्या खेपंचं कांदं बघा, मामा. कोंब फुटून झाडं झाली त्यांची."

संजय म्हणायचा, "आणि तुझ्या त्या खोक्यात काय आलं? एवढ्या खोक्यात एवढंसं टूथपेस्ट! बाकी सगळा कागूद!"

"कागूद फुकट हाय."

"खा मग."

मी दोघांच्या मधी पडायचो नाही. पण मी गोडाऊनच्या बाजूचा. एक तर शनिवारी बाहेर पडायला मिळायचं. नेटचा माल आणणारा गडी खोकं दारात ठेवून बेल मारायचा आणि मी दार उघडेपर्यंत जिना उतरलेला असायचा. पाणी घेतोस का, एवढं विचारायलाही माणूस सापडायचा नाही. ती खोकी मी टाकू द्यायचो नाही. चपटी करून पलंगाखाली ठेवायचो. कशाला, ते मनीषानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मलाही ठाऊक नव्हतं.

पासपोर्टवर सहा महिने राहायचा शिक्का होता माझा. संजयनं पहिल्याच महिन्यात विषय काढला होता. "आबा, हितंच ऱ्हावा, मुदत वाढवायचे कागूद करूया. मुरगूडात एकटं काय करतासा?" मी हो-नाही केलं नाही. इथं राहायचं का माघारी जायचं, एवढा एकच प्रश्न शिल्लक होता माझ्या आयुष्यात, आणि तोही दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा मी बघत बसायचो.

समोरच्या दारात मार्था नावाची म्हातारी राहायची. गोरी, एकटी, नवरा गेलेला. जिन्यात दिसली की मान हलवायची. मी पण हलवायचो. त्यापुढं चार महिन्यांत काही सरकलं नाही.

आता शेवंताची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. नव्वदीनंतर मुरगूडात आमच्या गल्लीत नोकरीवाल्यांची बिऱ्हाडं यायला लागली, मास्तर, बँकेतला क्लार्क, असली. नवीन बिऱ्हाड आलं की शेवंता दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन त्यांच्या दारात. "जरा साखर देता का, वैनी?" घरात साखर भरलेली असायची. मी एकदा चिडलो, "गावात माझी अब्रू काढतीयास व्हय?" तर म्हणाली, "मी द्यायला गेलो तर ती बाई लाजंल. मागायला गेलो तर उद्या तीबी मागायला यील. नवीन माणसाला मागायची चोरी आसती, ती आपण मोडायची." आमच्याकडच्या बायका स्वतःला 'मी गेलो, मी आलो' असंच म्हणतात. दोन दिवसांनी वाटी परत जायची, कधी मोकळी नाही, त्यात चटणी नाहीतर शेंगा. पंधरा दिवसांत ती बाई आमच्या चुलीपाशी बसलेली असायची.

तर एक दिवस मनीषा केतकीला डॉक्टरकडं घेऊन गेलेली. संजय कामावर. बाहेर बर्फ. मी खिडकीशी बसलो होतो आणि उठलो. स्टीलची वाटी घेतली आणि समोरचं दार वाजवलं. अंगावर स्वेटर, खाली लेंगा, पायात काही नाही, घरातल्या घरात काय घालायचं?

मार्थानं दार साखळीएवढं उघडलं. मी वाटी पुढं केली. "शुगर. प्लीज."

तिनं वाटीकडं बघितलं. मग माझ्या पायांकडं बघितलं. मग साखळी काढली आणि वाटी शिगोशीग भरून दिली. माझ्या दंडाला हात लावून काहीतरी बोलली. मला वाटलं, जमलं. शेवंता गेल्यापासून पहिल्यांदा मला काहीतरी जमल्यासारखं वाटलं.

दोन दिवसांनी दारात खोकं आलं. मनीषानं आपलंच समजून फोडलं. आत सूपचे डबे, पाव, बटर, साखर आणि लोकरीचे पायमोजे. "मी हे मागवलंच न्हाय," म्हणाली. खोक्यावर मार्थाचं नाव होतं. चुकून आपल्याकडं आलं असेल म्हणून ती ते उचलून समोर द्यायला गेली. आमचं दार उघडंच राहिलं होतं. मार्था हळू बोलत होती, मनीषाचा आवाज मात्र चढत गेला आणि मग एकदम बंद झाला.

घरात आली ती खोकं घेऊनच. पलंगाखालची माझी खोकी बाजूला सारली आणि गोडाऊनातनं आणलेलं साखरेचं न फोडलेलं पोतं ओढत माझ्यासमोर आणून टाकलं.

"मामा, हे काय हाय?"

"साखर."

"मग?"

मी पोत्याची शिवण बोटानं चाचपली.

"ती बाई म्हणती, तुमचा म्हातारा माझ्या दारात आनवाणी भीक मागत आलता. घरात कमी असंल तर चर्चमधी अन्न मिळतंय म्हणती. मी तुमाला उपाशी ठेवती व्हय? एकेक डॉलर वाचवती ती कुणासाठी?" आणि रडायला लागली.

मी तिला शेवंताची रीत सांगितली. सांगताना माझं मलाच खुळ्यासारखं वाटत होतं. मुरगूडात जे सांगावं लागत नव्हतं, ते इथं सांगूनही उभं राहत नव्हतं.

ती डोळे पुसत म्हणाली, "आत्याबाईंची गोष्ट येगळी, मामा. त्यांच्या पायात चपला तरी आसायच्या." आणि रडता रडता हसली. मीही हसायला पाहिजे होतं. आलं नाही.

संध्याकाळी संजय आधी पोट धरून हसला. मग त्यानं स्वतःच पोतं उचलून जागेवर ठेवलं. मार्थाला मनीषानं नंतर सगळं समजावून सांगितलं. मी वाटीत शेंगदाण्याची चटणी घालून परत केली. तिनं घेतली, मोजे मात्र मलाच ठेवायला लावले. पण मागायला ती कधीच आली नाही. मी वाट बघितली. सहा महिने भरत आले तेव्हा संजयनं कागदांचं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "नगो. मी आपला आपल्या गल्लीत बरा."

मुरगूडात आलो. उन्हाळा होता, गल्लीत मिरच्या कुटून चटण्यांचा खकाणा उठलेला. मी वर्षाचं भरलं. शेवंता भरायची तेवढंच, कमी कसं भरायचं ते मला ठाऊक नव्हतं. दुकानदार म्हणाला, "आबा, पाच-पाच किलो न्या की. लागंल तसं पोचवतो." मी म्हटलं, "तू ताकडी धर." डाळीला एरंडेल चोळलं. सगळं जागच्या जागी. आणि दाराशी खुर्ची टाकून बसलो.

गल्लीतल्या पोरीबाळी वाटी घेऊन जायच्या. माझ्या दारावरनं जायच्या, आक्काताईकडं जायच्या, पलीकडं मास्तरांच्यात जायच्या. माझ्या दारात कुणी वळायचं नाही. "बरं हाय न्हवं, आबा?" म्हणायच्या आणि पुढं. जेवणाचं ताट कुणी ना कुणी आणून द्यायचं, त्याला कमी नव्हतं. ताट खायचो, धुऊन परत द्यायचो. पण मागायला कुणी नाही. पावसाळा गेला, तांदळाला सोंडे लागले.

एक दिवस आक्काताईला तोंडावर विचारलं, "माझ्या घरात काय इटाळ हाय व्हय? येवढं भरून ठेवलंय, येक पोरगी वाटी घिऊन येत न्हाय."

ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी होती. मी बघितलं तशी जरा मागं सरली. म्हणाली, "भावजी, राग मानू नगा. ज्या घरात बाई न्हाय, तिथं बाई मागायला येत न्हाय. तुमचं काय चुकलं न्हाय. रीतच हाय."

रीत. तीही बरोबरच होती. शेवंता असती तर तिनंही गल्लीतल्या पोरीला हेच सांगितलं असतं.

थंडीत मनीषाचा फोन आला. एरवी संजय बोलायचा आणि शेवटाला ती "बरं हाय का" विचारायची. त्या दिवशी तीच बोलली.

"मामा, मला परवानगी मिळाली. नोकरीबी लागली. केतकीला पाळणाघरात ठेवायचं म्हंजे माझा निम्मा पगार तिकडंच. तुमी या."

मी म्हटलं, "संजयनं सांगितलं व्हय, म्हाताऱ्याला बोलवून घे म्हणून? माझी कीव करू नगोस."

"त्यांना ठाऊकबी न्हाय अजून. अडचण माझी हाय. तुमची आसती तर मी कशाला फोन केला आसता? तुमी केला आसता. येतासा का न्हाय, तेवढं सांगा. दुसरं कुणीतरी बघाय लागंल मला."

पेठ वडगावची पोरगी. सरळ विचारलं. "जमलं तर या" नाही, "तुमालाबी बरं वाटंल" नाही.

मी म्हटलं, "तिकीट काढ."

या खेपेला कोठी उपसली नाही. किल्ली आक्काताईच्या हातात दिली आणि म्हटलं, घर तुझ्या ताब्यात, हवं ते ने, आणि गल्लीत कुणाला काय लागलं तर तू दे. तिच्या हातनं तरी जाईल. ती म्हणाली, "कवा येतासा माघारी?" मी सांगितलं नाही, कारण मला ठाऊक नव्हतं. आजही नाही.

आता मुदत वाढवायचे कागद झालेत. गोडाऊनचं कार्ड मनीषानं बंद केलं, तिच्या हिशोबानं नेटच स्वस्त. संजयही हरला. शनिवारचं जाणं संपलं. मार्था पोरीकडं राहायला गेली, समोर कुणी चिनी जोडपं आलंय, त्यांचं दार मी अजून वाजवलेलं नाही.

गावाकडनं फोन आला की विचारतात, "आबा, करमतं का तिकडं?" करमत नाही. खोटं कशाला सांगू? शेवंता मुरगूडात नाही आणि इथंही नाही, त्यामुळं गाव बदलून त्यात काही फरक पडला नाही. पण सकाळी मनीषा घाईत बूट घालत असते, केतकीला माझ्या अंगावर टाकते आणि जिन्यातनं ओरडते, "मामा, हिला भात भरवा, पातळ करा, मीठ बेतानं घाला!" मी इकडनं ओरडतो, "ठावं हाय, जा!" मग दार लावून घेतो आणि तांदूळ धुवायला घेतो.